भंगाराचं शिसं आणि जाळ्याच्या गोळ्या

माझ्या फेकजाळ्याचा घेर ४८ फूट आहे. दर चार इंचांवर शिशाची एक गोळी, म्हणजे १४४ गोळ्या. एक गोळी धरा २५ ग्रॅमची. हिशेब केला तर एका जाळ्याला साडेतीन किलोच्या वर शिसं लागतं. आमचा तलाव मालगुजारीच्या, म्हणजे जुन्या जमीनदारीच्या काळातला, तळाशी दगड आणि बुडालेल्या बाभळींची खुंटं. जाळं ओढताना दर हंगामात दहा-पंधरा गोळ्या तरी तुटून जातात. शेजारच्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, जाळं टाकणाऱ्यांचंही तेच रडगाणं. त्यामुळे थंडी पडली, धानाची मळणी आटोपली, की गावातले चार-पाच जण आपापली जाळी घेऊन माझ्याकडे येतात आणि भंगाराचं शिसं वितळवून नव्या गोळ्या ओतायला मी विस्तव पेटवतो. बाबा हेच करायचे. फरक एवढाच की बाबा ज्या रीतीनं करायचे तिच्यातल्या निम्म्या गोष्टी मी सोडून दिल्या. का सोडल्या ते पुढे येईलच.

आधी एक खुलासा. टायरच्या दुकानात जाऊन ‘गोळ्यांसाठी शिसं पाहिजे’ म्हटलं की तिथला पोऱ्या हसतो, “कोनाले मारतेस गा भाऊ?” बंदुकीची गोळी ओतायची तर १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली परवाना लागतो. तो माझ्याकडे नाही आणि मला नकोही आहे. मी बोलतो आहे ती गोळी मधोमध भोक असलेली, दोरीत ओवायची, पाण्यात बुडायची.

विस्तव पेटवायच्या आधी अर्धा दिवस लागतो, आणि नवीन माणूस चुकतो तो इथेच. त्याला वाटतं, सगळं भंगार कढईत टाकू, आगच काय ते निवडून देईल. आग काही निवडत नाही. एक जस्ताचा तुकडा दहा किलो शिसं नासवतो. मी तरटावर माल पसरतो आणि एकेक तुकडा हातात घेऊन पाहतो.

आमच्या भागात शिसं मिळतं ते मुख्यतः तीन ठिकाणी. पहिलं, टायरच्या दुकानात. चाक बॅलन्स करायला रिमवर जी वजनं ठोकतात, ती जुनी झाली की बादलीत पडून असतात. लोखंडी क्लिपनं खिळवलेल्या वजनात शिशासोबत अँटिमनी नावाचा धातू थोडा असतो, दोन ते चार टक्के, म्हणून ते जरा कडक. चिकटवलेल्या पट्ट्या बहुधा नरम शिशाच्या. पण आजकाल त्याच बादलीत जस्ताची आणि लोखंडाची वजनंही येतात, आणि रंगवलेली असली की सगळी सारखीच दिसतात. काहींवर ‘झेडएन’ किंवा ‘एफई’ अशी इंग्रजी अक्षरं कोरलेली असतात. पहिलं जस्त, दुसरं लोखंड. ती लगेच बाजूला. अक्षर नसेल तर पक्कड घ्यायची आणि कडेला चावायचं. शिशात पक्कड बसते, खूण उमटते. जस्तावर ती घसरते. तरी शंका राहिली तर फरशीवर टाकून ऐका. शिसं ‘थप्प’ करून पडतं, जस्त ‘खण्ण’ वाजतं. माझा भाचा आता नुसत्या आवाजावरून निवडतो, मला अजून पक्कड लागते.

दुसरं ठिकाण म्हणजे जुने छापखाने. तालुक्याच्या गावात ट्रेडल मशीनवर लग्नपत्रिका छापणारे होते, ते बंद झाले आणि खिळ्यांची, म्हणजे अक्षरांच्या धातूच्या ठशांची, खणं भंगारात गेली. छपाईचा खिळा म्हणजे शिसं, अँटिमनी आणि कथील. तो कडक आणि ठिसूळ, हातोडी मारली की तुकडा उडतो. नुसत्या खिळ्याची गोळी करू नका, दगडावर आपटली की चिरते. पण नरम शिशात दहाव्या हिश्शाएवढा मिसळला तर गोळी वैनगंगेच्या खडकाळ पात्रातही आकार सोडत नाही. मला मिळाले त्यात ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ फार होते. वापर कमी, म्हणून झिजले नसावेत. काही मी ठेवून दिले आहेत. ते वितळवायला हात होत नाही.

तिसरं, टेलिफोनच्या जुन्या केबलचं वरचं आवरण. हे जवळजवळ शुद्ध शिसं, नखानं ओरखडा पडतो आणि कागदावर पेन्सिलीसारखी करडी रेघ उमटते. पण अनोळखी माणूस रात्री केबल घेऊन दारात आला तर घेऊ नका. ती कुठून आली ते त्यालाही माहीत असतं आणि आपल्यालाही.

बॅटरी मात्र नाही. ट्रॅक्टरची नाही, इन्व्हर्टरची नाही, कुठलीच नाही. बाबांच्या वेळी लोक बॅटरी फोडून प्लेटा कढईत टाकायचे. त्या प्लेटांत धातू कमी आणि शिशाच्या क्षारांचा लगदा जास्त, त्यात गंधकाचं आम्ल मुरलेलं. निघतो तो धूर घशात करवतीसारखा उतरतो. नव्या बॅटऱ्यांच्या जाळीत कॅल्शियम असतं. त्यांचं कीट, म्हणजे वितळल्यावर वर येणारा मळ, दुसऱ्या शिशाच्या किटात मिसळलं आणि वर ओलावा आला, तर आर्सिन आणि स्टिबिन नावाचे जहरी वायू निघू शकतात. शिवाय जुनी बॅटरी दुकानदाराला परत द्यायची असा नियमच आहे, २००१ पासून होता आणि २०२२ मध्ये नव्यानं आला. परत दिली की नव्या बॅटरीच्या किमतीत कापून मिळतं. म्हणजे फोडण्यात फायदाही नाही.

निवडून झालं की माल वाळवायचा. मी याच्यावर फार बोलतो, घरचे कंटाळतात, पण बोलणार. मी बाविशीत होतो तेव्हा एका दुकानातून बादलीभर वजनं आणली. बादली पावसात उघडी पडलेली होती. वरून कोरडी दिसली म्हणून वितळलेल्या शिशात ओंजळभर टाकली. क्लिपच्या खाचेत पाणी असणार. ते शिशाखाली गेलं, तिथल्या तिथे वाफ झालं आणि कढईतलं शिसं वर उडालं. पाण्याची वाफ होताना ते सतराशेपट जागा मागतं, ही गोष्ट मी शाळेत शिकलो होतो. त्या दिवशी ती पडवीच्या टिनावर लिहिली गेली. तिथे अजून करडे शिंतोडे चिकटलेले आहेत आणि माझ्या डाव्या पावलावर चवलीएवढा डाग आहे. चप्पल घातली होती. बूट असता तर डागही नसता.

वितळलेल्या शिशाच्या वर घामाचा थेंब पडला तर तो बहुधा तडतडून उडून जातो. तेही चांगलं नाहीच, पण धोका खरा तो खाली अडकलेल्या पाण्याचा. म्हणून ओला झारा, ओली पळी, थंडीत दव बसलेला साचा, पावसाळ्यात ठेवलेली शिशाची वडी, यातलं काहीच पातळ शिशात थेट जात नाही. माझा नियम असा: माल दोन दिवस उन्हात, आणि पहिला घाणा नेहमी थंड कढईत भरायचा. मालही कढईबरोबरच तापतो, आत ओल असली तरी शिसं वितळण्याच्या आधीच उडून जाते. नंतर भर घालायची तर तुकडे आधी चुलीच्या कडेला पत्र्यावर तापवून घ्यायचे. तोंडं बंद असलेली नळी, चेपलेला पाइप, असलं काही असेल तर कापून उघडं करा.

वेळ निवडायची ती जानेवारी-फेब्रुवारीची सकाळ. पावसाळ्यात हे काम करायचंच नाही. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, त्यात जाड कपडे घालून विस्तवापुढे बसणं म्हणजे आधी आपणच वितळायचं. आणि जागा उघड्यावर हवी, वारा पाठीमागून येईल अशी.

मी आधी परसातच करायचो. एकदा काम झालं, सांडलेलं शिसं गोळा केलं असं वाटलं. पण बारीक थेंब जमिनीत राहिले होते, ज्वारीच्या दाण्याएवढे, चकाकणारे. कोंबड्यांना दाणे दळायला पोटात खडे लागतात, त्या चमकणारं काहीही टिपतात. आठवडाभरानं मायच्या दोन कोंबड्या मान टाकून बसल्या, खाईनात, विष्ठा हिरवीगार. आम्हाला वाटलं मर आली. दोन्ही गेल्या. एक कापून पाहिली तर पोटात तीन करडे मणी, घासून गुळगुळीत झालेले. माय मला काही बोलली नाही, हेच वाईट वाटलं. तेव्हापासून मी गावाबाहेरच्या मुरमाड जागेवर जातो. तिथे तलाव नाही, विहीर नाही, कोणाचं वावरही लागून नाही. चुलीखाली आणि भोवती मोठा टिनाचा पत्रा अंथरतो. सांडलं तर पत्र्यावर सांडतं, थंड झालं की खरवडून परत कढईत.

आता चूल आणि भांडं. शिशाचं वजन लोक विसरतात. एक लिटर पाणी एक किलो, एक लिटर शिसं ११ किलोच्या वर. आपण डोळ्यानं भांड्याचा आकार बघतो आणि हाताला वजन लागतं, तिथे हात फसतो. तीन दगडांची चूल मला यासाठी पटत नाही. मी लोखंडी अँगलची तिवई वेल्डिंग करून घेतली, कढई तिच्या कड्यात बसते, कलंडत नाही. कढई बीडाची किंवा जाड लोखंडाची. ॲल्युमिनियमचा गंज, म्हणजे पातेलं, वापरू नका. तो ६६० अंशांना वितळतो हे खरं, पण त्याच्या बऱ्याच आधी मऊ पडतो, आणि खाली लाकडाचा जाळ असला की बुडाला किती ताप लागतो ते आपल्याला दिसत नाही. जस्ताचा मुलामा दिलेली बादली नको, मुलाम्याचं जस्त शिशात उतरतं. आणि जी कढई एकदा शिशाला गेली ती परत स्वयंपाकघरात येत नाही. माझ्या कढईवर, झाऱ्यावर, पळीवर लाल ऑइलपेंटचा पट्टा आहे. घरात कोणीही विचारायची गरज पडत नाही.

अंगावर जाड सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट, सुती पँट बुटावरून खाली सोडलेली, म्हणजे थेंब बुटात जाणार नाही. नायलॉन, टेरिकॉट काहीच नको, ते कातडीला चिकटून जळतं. चामड्याचे हातमोजे, डोळ्यांना वेल्डिंगवाल्याकडचा पांढरा चष्मा. नाकाला दुपट्टा बांधून काही अडत नाही, धूळ-धूर अडवणारा फिल्टरचा मास्क घ्या. पाण्याची बादली असावी, पण दहा पावलं लांब. भाजलं तर त्या पाण्यानं वीस मिनिटं सतत थंड करायचं. चिकटलेलं शिसं ओढून काढायचं नाही, हळद नाही, टूथपेस्ट नाही, सरळ दवाखाना.

शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं. जस्त ४१९ ला. मधलं जे ९० अंशांचं अंतर आहे, आपलं सगळं काम त्याच्यातच करायचं. जाळ मंद ठेवला आणि शिसं वितळल्या-वितळल्या वर तरंगणारं सगळं काढून घेतलं, तर चुकून आलेलं जस्तही घट्ट तुकड्याच्या रूपात वर सापडतं, कारण ते शिशापेक्षा हलकं. लोखंडी क्लिपाही तरंगतात. जाळ भडकला आणि ४२० ओलांडलं की जस्त विरघळलं, मग ते हातानं काढता येत नाही.

एकदा माझ्याकडून झालं तसं. गप्पा मारत बसलो होतो, कोणीतरी सागाचं जाड लाकूड आत सारलं. थोड्या वेळानं ढवळायला गेलो तर कढईत फाटलेल्या दुधासारखे गोळे. झारा फिरवावा तर शिजलेल्या भगरीत फिरल्यासारखा. साच्यात ओतलं तर कोपरे भरेनात. अकरा किलोचा माल भंगारवाल्याला परत दिला.

मी नंतर तारेच्या टोकाचा थर्मोकपल, म्हणजे तापमापक, घेतला, तो शिशात बुडवून ठेवता येतो. लांबून तापमान दाखवणारं पिस्तुलासारखं यंत्र चकचकीत धातूवर खोटं बोलतं, त्याच्या नादी लागू नका. काहीच नसेल तर कोरडी कडुनिंबाची काडी बुडवून बघा. काडी हळूहळू तपकिरी होऊन धुमसली तर ठीक. टेकवताच काळी पडून पेटली तर जाळ ओढा. शुद्ध शिसं फार तापलं की वरचा थर रंग दाखवतो, आधी सोनेरी, मग जांभळा, मग निळा, मोराच्या मानेसारखा. बघत बसावं असं दिसतं, पण तो इशारा आहे. ५०० च्या पुढे शिशाचा धूर वाढत जातो आणि तो धूर डोळ्यांना दिसेलच असं नाही.

साफ करायची रीत आता. वितळल्यावर वरती क्लिपा, रंगाची राख, माती, करड्या रंगाची साय असं सगळं जमतं. आधी फक्त क्लिपा आणि मोठा कचरा झाऱ्यानं काढायचा. काढताना झारा कढईच्या काठावर दोनदा हलकेच ठोका, चिकटलेलं शिसं परत खाली पडतं. पण साय लगेच काढू नका. तिच्यात शिशाचा गंज आहे, आणि माल वजनांचा किंवा खिळ्यांचा असेल तर कथील-अँटिमनीही त्या सायीत येतं. ते परत खाली घालवायचं.

त्यासाठी मी आरागिरणीतला सागाचा भुसा वापरतो. भुसा तव्यावर भाजून पार कोरडा केलेला, ओंजळभर. तो वर पसरायचा. तो धुमसतो, काळा पडतो, कोळसा होतो. आता लोखंडी सराट्यानं तळापासून ढवळायचं, कढईच्या कडा खरवडायच्या, आणि कोळसा सायीत चोळल्यासारखा फिरवायचा. कोळसा शिशाच्या गंजातला प्राणवायू ओढून घेतो आणि शिसं मोकळं होऊन खाली जातं. दोन-तीन मिनिटांत डोळ्यांसमोर साय फाटते आणि खालून आरसा दिसायला लागतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला त्यात माझा चेहरा आणि मागचं आभाळ दिसलं होतं. मग सुपारीएवढं मेण टाकायचं, मधमाशीचं किंवा साध्या मेणबत्तीचं. धूर येतो, तो पेटवून द्यायचा, जळती काडी लांबून धरायची. भप्पकन् जाळ होतो, म्हणून तोंड वर नको. मेण जळेपर्यंत पुन्हा ढवळायचं. आता जी कोरडी, काळपट भुकटी वर राहते ती खरा मळ. ती झाऱ्यानं हलक्या हातानं काढून झाकणाच्या डब्यात टाकायची.

घाण जास्त असेल तर भुशाची फेरी दोनदा करतो. तिसऱ्यांदा कधी लागली नाही. एकदा १२ किलो वजनं टाकली होती, हाती साडेनऊ किलो आलं. बाकी क्लिपा आणि मळ. वहीत लिहून ठेवलं आहे, कारण त्याच महिन्यात भंगारवाला मला घट दोन आणेच, म्हणजे आठवा हिस्साच, सांगत होता.

तो मळ हलका, राखेसारखा, म्हणून लोक उकिरड्यावर टाकतात. पण सगळ्या कामातली ही सगळ्यात वाईट वस्तू. धातूचा तुकडा हातात धरला तर एकदम काही होत नाही. ही भुकटी मात्र वाऱ्यावर उडते, बोटांना लागते, नाकात जाते. तिच्यात कधी पिवळसर रंग दिसतो, ते मुर्दाडशिंग, म्हणजे शिशाचा गंजच. उकिरड्यावर टाकली की खतातून वावरात, वावरातून भाजीत. मी रंगाच्या जुन्या डब्यात झाकण लावून साठवतो. डबा भरला की शिसं परत गाळणाऱ्या परवान्याच्या कारखान्याला माल देणारा मोठा व्यापारी आहे, त्याच्याकडे देतो. तो त्याचेही पैसे देतो.

साफ झालेल्या शिशाच्या वड्या पाडायला मी नागपूरहून बीडाचं अप्पेपात्र आणलं. सात खळगे, एका खळग्यात पाव किलोच्या वर माल बसतो. बायको म्हणाली, “घरात अप्पे कधी केले नाहीत आणि शिशाचे करून राह्यले.” त्यालाही लाल पट्टा आहे. ओतायच्या आधी पात्र चुलीच्या कडेला चांगलं तापवायचं, हात धरवणार नाही इतकं. वडी थंड झाली की पालथं करून ठोकलं की टपटप पडतात. वडीवर खिळ्यानं खूण करतो: नरम शिशाला एक रेघ, वजनांच्या मालाला दोन, खिळे मिसळलेल्याला फुली. सहा महिन्यांनी सगळं सारखंच करडं दिसतं.

कढईत शिसं गोठू देऊ नका, पूर्ण रिकामी करा. पुढच्या वेळी तळचं आधी वितळतं, फुगतं, आणि वर घट्ट झाकण असलं की फट सापडेल तिथून पिचकारी मारतं.

गोळ्या ओतणं त्यामानानं सोपं. लेथवाल्याकडून दोन फाकांचा लोखंडी साचा करून घेतला आहे. गोळी २५ मिलीमीटर लांब, साडेअकरा मिलीमीटर जाड, मधे ४ मिलीमीटरची सळी, तिच्यामुळे दोरीचं भोक पडतं. साच्याच्या आत आणि सळीवर चिमणीची काजळी धरायची, मग गोळी चिकटत नाही. पहिल्या पाच-सहा गोळ्या सुरकुतलेल्या येतात, साचा थंड असतो म्हणून. त्या परत कढईत. साचा तापला की गोळी चकचकीत, कडा भरलेली. दव पडल्यासारखी पांढुरकी यायला लागली की साचा जास्त तापला, पाच मिनिटं थांबा. तेवढीच उसंत.

ओवल्यावर गोळी सरकू नये म्हणून तिची टोकं दोरीवर दाबतात. बाबांनी आयुष्यभर ती दातानं दाबली. आमच्यातले सगळेच दाबायचे. मी पक्कड वापरतो आणि पोट्ट्यांना जाळ्याची गोळी तोंडात घालू देत नाही. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की शिशाची सुरक्षित अशी कुठलीच मात्रा नाही, आणि लहान मुलांच्या मेंदूला ते सगळ्यात जास्त मारतं. पोटात कळा, पोट साफ न होणं, थकवा, हिरड्यांच्या कडेला निळसर रेघ, असं दिसलं तर डॉक्टरला ‘मी शिशाचं काम करतो’ हे स्वतः सांगा. ते होऊन विचारतीलच असं नाही, आणि रक्तात शिसं किती आहे ते तपासता येतं. कामाच्या दिवशी पोटुशी बाई आणि पोरं त्या मुरमाकडे फिरकत नाहीत.

तुटून तलावात राहिलेल्या गोळीचंही मनात येतं. पाखरं पाण्यातले खडे टिपतात, कोंबडीसारखीच. इंग्लंडमध्ये हंस मरायला लागले म्हणून गळाच्या बारीक शिशावर १९८७ मध्ये बंदी आली. महाराष्ट्रात सारस उरलेत ते मुख्यतः आमच्या गोंदिया-भंडाऱ्याच्या तलावांवर आणि धानाच्या बांध्यांमध्ये. माझी गोळी सारसाच्या चोचीसाठी मोठी असावी, पण मी आता मोठीच ओततो, बारीक मणी ओतायचे बंद केले. दोरीही दरवर्षी बदलतो, म्हणजे तुटतात कमी. तळ्याचं पाणी उतरलं की मे महिन्यात आम्ही खुंटांभोवती फिरून गोळ्या वेचतो. गेल्या खेपेला ६१ सापडल्या, त्यातल्या काही बाबांच्या वेळच्या लांबट घडणीच्या.

उरलं आवरणं. कढई उताणी करून पत्र्यावर ठेवायची, पत्रा ओल्या फडक्यानं पुसायचा, पण सगळं पूर्ण थंड झाल्यावरच. झाडू मारायचा नाही, भुकटी उडते. फडकं मळाच्या डब्यातच. कपडे घरच्या कपड्यांत टाकायचे नाहीत, वेगळ्या बादलीत भिजवायचे. हात कोपरापर्यंत साबणानं दोनदा, नखं ब्रशनं. आमच्याकडे माणूस काम करतो आणि खिशातली खर्ऱ्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीची, पुडी चोळत राहतो. शिशाच्या हातानं खर्रा चोळणं म्हणजे मळ सरळ गालात भरणं. माझ्याबरोबर बसणाऱ्याची पुडी मी सकाळीच मागून घेतो आणि मोटारसायकलच्या डिकीत कुलूप लावून ठेवतो. शिव्या खातो. संध्याकाळी गावात परतून विहिरीवर सगळ्यांच्या आंघोळी झाल्या की चावी देतो.